साक्षीची माती

मे सरत आला तरी खालच्या शेतातलं पाणी हटायचं नाव घेईना. बर्फ वितळून दोन महिने झाले, वर पावसानंही चार वेळा हात धुवून घेतले, आणि आता दीड एकराच्या मधोमध ते गढूळ पाणी स्वतःचंच घर असल्यासारखं निवांत पहुडलं होतं. जाड मानेची सहा रानबदकं रोज सकाळी त्यावर येऊन उतरत. उपासना गुडघाभर रबरी बूट घालून कडेला उभी राहिली की ती माना उंचावून तिच्याकडे बघत, आणि शेत नक्की कोणाचं असा प्रश्न तिलाच पडे.

गॅरेजात भेंडीची बाराशे रोपं ट्रेमध्ये दाटीवाटीनं उभी होती. मुळं ट्रेच्या तळाशी गोल गोल फिरून आपल्याच गळ्याभोवती फास घालत होती. खालची पानं पिवळी पडायला लागली होती. उपासना रोज संध्याकाळी त्यांना झारीनं पाणी घाली आणि मनात म्हणे, थांबा गं बायांनो, आणखी चार दिवस. ते चार दिवस आता तीन आठवड्यांचे झाले होते.

नोव्हाय शहरात किराणा दुकान चालवणाऱ्या जगन्नाथकाकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "हे बघ उपासना, ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी मला भेंडी पाहिजे. गेल्या वर्षीसारखं 'काका, शेत ओलं होतं' हे चालायचं नाही. कॅनडाचा ट्रकवाला दर आठवड्याला विचारतोय, माझी भेंडी टाकू का म्हणून. तुझी भेंडी ताजी असते म्हणून त्याला थांबवलंय. पण मी काय जन्मभर थांबवू का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं जमिनीत गेली तरच ऑगस्टचा गुरुवार हाती लागणार होता. वरच्या शेतात मेथी-कोथिंबिरीपुरतीच जागा. भेंडी लावायची तर खालीच, आणि खाली तर बदकं पोहत होती.

चार वर्षांपूर्वी विवेकची गाड्यांच्या कंपनीतली नोकरी गेली, तेव्हा नवरा-बायकोनं मिळून हे अकरा एकर घेतलं. नोव्हायपासून तासाभराची ड्राइव्ह. विवेक आता पुन्हा तिकडेच कॉन्ट्रॅक्टवर जात होता. शेत उपासनाच्या अंगावर होतं. जमीन घेतल्याची बातमी फोनवर ऐकून विवेकचे वडील, लहू, यांनी आधी किती एकर ते विचारलं होतं. मग त्यांनी विचारलं होतं, "सातबाऱ्यावर कोनाचं नाव?" विवेक म्हणाला, "दोघांचं, बाबा." दिग्रसकडच्या त्या गावात लहूंनी सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात आणि रोजगार हमीच्या कामावर काढला होता. तळी, नाले, चर, रस्ते, असं किती खणलं त्याला गणती नाही, पण त्यातलं ढेकूळभर त्यांचं नव्हतं.

यंदा एप्रिलात ते पहिल्यांदा आले. वय एकाहत्तर, अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. रत्नाबाई, उपासनाच्या सासूबाई, दोन वर्षांमागे गेल्या होत्या. नाहीतर त्याही आल्या असत्या. पहिल्याच दिवशी लहू खालच्या शेताच्या कडेला जाऊन बसले. चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकले.

"चिकन माती हाय," ते म्हणाले. "पानी धरते, सोडत नाही. सावकारावानी."

तेवढं सोडलं तर त्यांचा दिवस कसा जायचा ते कोणी विचारत नव्हतं. विवेक थकून येई. उपासना थकलेलीच असे.

*

शनिवारी अनीश आला. काउंटीच्या ग्रोअर्स सेंटरचा कोऑर्डिनेटर, मूळ पुण्याचा, तिशीतला, पायात कधीच न मळलेले बूट. तो आला की उपासनाच्या कपाळाची शीर उडायला लागे, आणि तरी चहा टाकावाच लागे.

सेंटरची ही तिसरी मदत. पहिल्या वर्षी त्यांनी माती तपासून दिली; माती ओली आहे असा चौदा पानी रिपोर्ट आला. दुसऱ्या वर्षी ठिबकचं किट दिलं. पाण्यात बुडालेल्या शेताला ठिबक. ते अजून गॅरेजात खोक्यात बसून होतं आणि त्याच्या वापराचा फॉर्म मात्र दर तीन महिन्यांनी येत होता. यंदा नोंदीची एक जाडजूड वही आणि तीन दिवसांचं ट्रेनिंग.

"मंगळ, बुध, गुरुवार, लान्सिंगला," अनीश म्हणाला. "अटेंडन्स मस्ट आहे हं, ताई. आणि शुक्रवारी अकरा वाजता स्टेटचे लोक इथे साइट बघायला येतायत. तुमचं शेत आम्ही डेमो म्हणून सिलेक्ट केलंय."

"एवढ्या शेतांत माझंच का?"

"तुमचं पाणी फोटोत फार छान येतं."

उपासनानं कप जरा जोरातच ठेवला. "अनीश, मला तो खालचा पाइप पाहिजे. जमिनीखालून पाणी काढणारा. तीन वर्षं तेवढंच मागतेय. बाकी सगळं येतंय, पाइप येत नाही."

"तुम्ही बिग पिक्चर बघा ना, ताई."

"मी चिखल बघतेय."

"ऐका तर. ही छोटी प्रोजेक्ट्स आहेत ना, टेस्टिंग, किट, ट्रेनिंग, हे सगळं म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. मासा पुढे आहे. स्टेटचा डेव्हलपमेंट फंड. तो एकदा लागला की एकोणीस शेतांत पाइप, कोल्ड स्टोरेज, ट्रक, सगळं येईल. पण त्यांना दाखवावं लागतं की आम्ही इथे काम केलंय, फार्मर्स आमच्यासोबत आहेत, आणि गरज अजून शिल्लक आहे."

"आणि ते गांडूळ म्हणजे कोण? आम्हीच ना?"

अनीश हसला. त्याला तो विनोद वाटला.

"फक्त एकच लक्षात ठेवा," उठता उठता तो इंग्रजीत म्हणाला. मंजुरीच्या आधी काम सुरू केलं की ते शेत यादीतून बाद. नियमच आहे. एक फावडंही मारायचं नाही, जसं आहे तसंच राहू द्यायचं.

लहू दाराशी उभे होते. गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोन हाय हा? मोजनारा?"

"नाही, मामाजी," उपासना सासऱ्यांना म्हणाली. " मोठे साहेब शुक्रवारी येणार आहेत."

"काय पाहतीन?"

"खालचं शेत. पाणी काढायचं काम आहे ना, ते."

"हां," लहू म्हणाले, आणि आणखी काही विचारणार तेवढ्यात फोन वाजला. जगन्नाथकाका होते. एवढंच बोलणं झालं. पुढे कितीतरी दिवस उपासनाला तो फोन आठवत राहिला.

*

राज्याच्या राजधानीत, लान्सिंगच्या हॉटेलातल्या थंडगार खोलीत शिकवायला ॲरिझोनाहून माणूस आणला होता. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो. पाणी थेंब थेंब कसं वाचवायचं ते त्यानं तीन दिवस स्लाइड लावून सांगितलं. उपासनानं दुसऱ्या दिवशी हात वर केला आणि विचारलं, पाणी जास्त असलं तर काय करायचं. तो म्हणाला, छान प्रश्न आहे. मग कॉफीची वेळ झाली.

तिला बसवत नव्हतं. खुर्ची मऊ होती त्याचाही राग येत होता. मे महिन्याच्या शेवटच्या तीन उजेडी दिवसांत ती शेतकरी बाई खिडक्या नसलेल्या खोलीत बसून नोंदवहीचे रकाने भरायला शिकत होती. कामाचा प्रकार. माणूस-तास. निष्पत्ती. शेरा. आणि तिकडे गॅरेजात भेंडी पिवळी पडत होती.

घरी यायला साडेसात वाजत. लहू ताटावर बसलेलेच असत. मंगळवारी त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. बुधवारी पाच.

"हवा मानवली मामाजींना," ती विवेकला म्हणाली.

"चांगलंय ना," विवेक म्हणाला. त्याचं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं.

गुरुवारी लहूंनी खोबरेल तेल मागितलं. "हाताले लावतो," म्हणाले. तिनं बाटली दिली. हात पुढे करताना त्यांनी मूठ अर्धवट मिटलेली ठेवली होती, ते तिनं पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. तिची पाठ मोडली होती. उद्या साहेब येणार, चहाबरोबर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

*

शुक्रवारी सकाळी उपासना मागच्या दारी आली आणि थबकली. काहीतरी कमी होतं. क्षणभरानं लक्षात आलं की बदकांचा गोंगाट नाही.

बूट न घालताच ती उतारावरून खाली गेली. शेत काळं आणि ओलं, नुकत्याच न्हालेल्या म्हशीच्या पाठीसारखं चकाकत पडलं होतं. पाणी नव्हतं. मधे दोन-चार थारोळी, बाकी सगळी माती. शेताच्या टोकाला जो उंचवटा होता, ज्याच्या पलीकडे त्यांचंच जुनं तळं होतं, तो उंचवटा आरपार चिरला होता. सरळ, दोरीत आखल्यासारखा चर. त्यातून पाण्याची बोटभर धार अजून तळ्याकडे चालली होती. बदकं तिकडे तळ्यात बसली होती.

चराच्या काठावर लहू उभे होते. धुतलेला सदरा, टोपी, पायात विवेकचे जुने बूट. हातात लांब दांड्याचं फावडं. ते मातीच्या कडा तासत होते आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होते. ओवी रत्नाबाईंची होती. रोजगार हमीच्या कामावर टोपलं उचलताना त्या म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत उपासनानं ती त्यांच्याच तोंडून ऐकली होती.

खांदते मी माती, माती मऊ लोन्यावानी
बांधाच्या पल्याड, वाट पाहे माझं पानी

"मामाजी," ती म्हणाली.

"झालं, माय," लहू म्हणाले. "काल सांजेलेच पोचलो असतो, पन शेवटले दगड लागले, रात झाली. ढाळ बरोबर हाय, पाहून घे." त्यांनी खिशातून कोकची छोटी बाटली काढली. अर्धी पाण्यानं भरलेली. ती आडवी धरून त्यांनी आतल्या पाण्याची पातळी दाखवली. "हिच्यावर घेतला ढाळ."

"पण तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?"

"साहेब येनार ना आज मोजायले?" लहूंना प्रश्नच कळला नाही. "काम दिसलं नाही त काय मोजतीन थे? आमच्या इकडं शनिवारी मोजनी रायची, तिच्यावर मजुरी. तेवढ्यात झालं थे आपलं. रायलं थे गेलं." त्यांनी फावड्यानं चरात दाखवलं. दर वीस फुटांवर मधोमध मातीचा एक-एक खांब तसाच उभा ठेवला होता, माथ्यावरच्या गवतासकट. पाच खांब. पाणी त्यांना वळसा घालून जात होतं. "साक्ष ठेवली हाय. जमीन मुळात कुठवर होती, किती खोल गेलो, थे यावरून समजते. नाहीतर म्हनतीन, आधीच खड्डा होता."

उपासना चराच्या काठावर खाली बसली. ओली माती साडीला नाही, जीन्सला लागली, तरी तिनं सवयीनं पदर सावरल्यासारखा हात फिरवला. हसावं की ओरडावं ते कळेना. तीन वर्षं, चौदा पानी रिपोर्ट, ठिबकचं खोकं, खिडक्या नसलेली खोली. आणि एका म्हाताऱ्यानं तीन दिवसांत, कोकच्या बाटलीवर.

मागून विवेक आला. आज त्यानं सुट्टी घेतली होती. त्यानं शेत पाहिलं, चर पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा," तो म्हणाला, "हे काय करून बसलात?"

"चर."

"बुजवा. आत्ता. उपासना, किती वाजले? साडेसहा. साडेचार तास आहेत." आणि तो गॅरेजकडे पळाला. थोड्या वेळानं तो हिरवा पाइप ओढत आला. एक पुरेना म्हणून दोन जोडले होते. घराच्या नळापासून शेतापर्यंत. त्यानं चराचं तोंड दोन फावडी मातीनं दाबलं आणि पाइप शेतात सोडला. पाण्याची करंगळीएवढी धार दीड एकरावर पडायला लागली.

लहू बघत राहिले. "विवेक, काय करून राहिला तू?"

"पाणी भरतोय."

"काढलं थे?"

"हो. काढलं ते."

लहूंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. रानात माणूस डोक्यावर परिणाम झाल्यासारखा वागायला लागला की त्याला ओरडायचं नसतं, त्याच्या बाजूला उभं राहायचं असतं, तसे ते मुलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हात मागे बांधले. तेव्हा उपासनाला ते तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर फोड फुटून सालटं निघाली होती आणि त्यावर खोबरेल तेल चमकत होतं.

ती उठली. उतार चढून घरापाशी गेली आणि तिनं नळ बंद केला.

"अगं बंद काय करतेस?" खालून विवेक ओरडला. "शेत बाद होईल आपलं."

ती सावकाश खाली आली. "विवेक, अकरा वाजेपर्यंत तू या पाइपनं शेत बुडवणार? कोणाला फसवायचंय? बदकांना?"

"चार वर्षं वाट बघतोय यार आपण."

"वाट मी बघतेय. तू ड्राइव्ह करतोस." तिला हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माती सुटलीय. उद्या-परवा रोपं लावता येतील. त्या नळीनं ही पुन्हा बिघडवलीस तर मी त्या साहेबाबरोबर तुलाही यादीतून बाद करीन."

तिनं स्वतःच्या हातानं चराच्या तोंडावरची माती बाजूला केली.

*

चौघे आले. अनीश, सेंटरची डायरेक्टर मार्गारेट, आणि स्टेटचे दोघे. त्यातल्या उंच माणसाच्या हातात क्लिपबोर्ड होता. लहू पहिल्या खांबापाशी उभे. त्यांनी हात जोडले. "जय भीम, साहेब," म्हणाले, आणि खिशातून गुंडाळी केलेला टेप काढून पुढे केला. तो त्यांनी विवेकच्या हत्यारांच्या पेटीतून आणून ठेवला होता.

अनीशचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, हे काय?" तो मराठीत पुटपुटला.

"गांडूळ चावलं," उपासना म्हणाली.

क्लिपबोर्डवाल्यानं विचारलं, हे कधी खणलं. लहू म्हणाले, "साहेब, साक्ष ठेवली हाय. टेप टाका."

अनीशनं घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, हे म्हणतायत, ट्रेनिंगमुळे त्यांना आत्मविश्वास आला.

उपासनानं ऐकलं. क्षणभर तिच्या कानांतून वाफ गेल्यासारखं झालं. मग तिनं सरळ इंग्रजीत सांगितलं, हे माझे सासरे. हे ट्रेनिंगला आले नव्हते. ते म्हणतायत, मी काम केलंय, ते मोजा.

उंच माणूस वाईट नव्हता. त्यानं चराकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, लहूंच्या हातांकडेही पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मोजायची गरज नाही, तो नम्रपणे म्हणाला. काम आधीच सुरू झालंय म्हटल्यावर हे शेत तसंही यादीत बसत नाही. त्यानं एका ओळीवर रेघ मारली. पेनाचा आवाजसुद्धा आला नाही.

मार्गारेट मात्र हरखून गेली होती. शेतकऱ्यानं स्वतः पुढाकार घेऊन, हाती साधन नसताना. हेच तर आपल्याला दाखवायचं होतं, असं ती दुसऱ्या माणसाला सांगत होती. तिनं कॅमेरा काढला. लहूंना खांबाशेजारी उभं केलं. हातात फावडं धरायला लावलं. खणल्यासारखं करा, अनीशनं सांगितलं.

लहूंनी फावडं उचललं आणि खरंच मारलं. ढेकूळ उडून मार्गारेटच्या बुटावर पडलं.

"खरं नाही हो, बाबा, नुसतं केल्यासारखं," अनीश म्हणाला.

लहू फावडं हवेत धरून उभे राहिले. ऊन डोळ्यांवर येत होतं. मार्गारेटनं सहा-सात फोटो काढले. टेप लहूंच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता.

गाड्या गेल्यावर विवेक पायरीवर बसला. "बाबा," तो म्हणाला, आता आवाजात राग नव्हता, नुसती थकावट होती, "हात लावायचा नव्हता. नियम होता तसा."

"मले कोनी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं."

"तेच त," लहू म्हणाले. "कोनीच काही सांगत नाही मले." आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

*

रविवार-सोमवारी तिघांनी मिळून रोपं लावली. मधली पट्टी अजून चिकट होती, ती सोडली. उपासना पुढे खुरप्यानं खड्डा करी, विवेक ट्रेमधून रोप काढून खड्ड्यात बसवी, लहू मागून वाकून माती दाबत येत. त्यांच्या बोटांना रोपाचं वजन कळे. विवेक जोरात दाबतो म्हणून ते त्याचं प्रत्येक रोप पुन्हा सैल करून बसवत होते. विवेकच्या ते लक्षात आलं, तरी तो पुढचं रोप काढत राहिला.

जूनभर चरानं काम केलं. पण प्रत्येक पावसानंतर ते पाच खांब आडवे येत. गवत, पालापाचोळा त्यांना अडके, पाणी तुंबे, आणि उपासनाला जाऊन हातानं तो गाळ उपसावा लागे. एकदा वैतागून तिनं कुदळ उचलली.

"हात नको लावू," लहू वरून म्हणाले.

"अहो मामाजी, पाणी अडतंय. कशाला ठेवायचे आता हे?"

"मोजल्याबिगर साक्ष मोडत नसते."

"आता कोण मोजणार? ते गेले."

"येतीन," लहू म्हणाले. आणि दर शनिवारी ते धुतलेला सदरा घालून पुढच्या पायरीवर बसत. उपासनाला ते बघवत नसे, आणि ओरडावंसंही वाटे. ती स्वयंपाकघरात भांडी आपटे.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी अकरा खोकी भेंडी नोव्हायला गेली. जगन्नाथकाकांनी एक भेंडी मोडून पाहिली, कट् आवाज झाला. "बरं," एवढंच म्हणाले. उपासना परत येताना गाडीत एकटीच हसत होती.

महिनाअखेरीस, शनिवारी सकाळीच, पाऊस पडून गेल्यावर अनीश आला. उपासना भेंडी तोडत होती. हातांना खाज सुटलेली, घामानं बाह्या अंगाला चिकटलेल्या. त्यानं गुळगुळीत कागदाचा रिपोर्ट पुढे केला. मुखपृष्ठावर लहू. हवेत धरलेलं फावडं, शेजारी मातीचा खांब.

"फंड मिळाला, ताई," अनीश म्हणाला. "अठरा शेतं, सेंटरला नवा ट्रेनिंग हॉल. तुमचं शेत नाही त्यात, सॉरी. पण खरं सांगू का, बाबांच्या या फोटोनं केस बनली. आणि ऐका, पुढच्या सीझनला एक छोटं प्रोजेक्ट येतंय, चर कसे खणायचे त्याचं. तुम्ही होस्ट केलंत तर..."

"गांडुळाला विचारून सांगते," उपासना म्हणाली आणि पुढची भेंडी तोडली.

तो गेल्यावर तिनं रिपोर्ट लहूंना दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"खोली दिसत नाही याच्यात," ते म्हणाले. एक-एक पान उलटलं. "मोजमाप कुठी लिहिलं?"

उपासनानं सगळा रिपोर्ट चाळला. छत्तीस पानं. आत्मविश्वास होता, सहभाग होता, निष्पत्ती होती. "नाही लिहिलं," ती म्हणाली.

लहूंनी रिपोर्ट बंद करून पायरीवर ठेवला. शेताकडे बघत राहिले. ती तरातरा घरात गेली. विवेकला लॅपटॉपवरून उठवलं. टेप घेतला, पेन घेतलं, आणि सेंटरची ती जाडजूड नोंदवही घेतली, जिच्या एकाही पानावर तिनं अजून काही लिहिलं नव्हतं.

"चला, मामाजी. मोजणी."

लहू उठले. टोपी सारखी केली.

टेपचं एक टोक विवेकनं धरलं, एक उपासनानं. लांबी एकशे वीस फूट. रुंदी तीन ठिकाणी घेतली, सव्वा फूट. मग एकेका खांबाशी. लहू प्रत्येक खांबाच्या माथ्यावरचं गवत तळव्यानं बाजूला सारून मुळातली जमीन दाखवत, तिथून टेप खाली सुटे. पाच खांबांची पाच मापं. कुठे सोळा इंच, कुठे वीस. विवेकनं पाणी-चिखलात गुडघे टेकून एकेक आकडा मोठ्यानं सांगितला, इंचाचा पावही सोडला नाही. सरासरी दीड फूट आली.

"दोनशे पंचवीस घनफूट," उपासना म्हणाली. "सव्वादोन ब्रास."

"दोनच्या वर होतं, थे मले माहीत होतं," लहू म्हणाले.

तिनं चराच्या काठावर बसून नोंदवही मांडीवर घेतली. रकाने इंग्रजीत छापलेले होते. तिनं मराठीत भरले. कामाचा प्रकार, चर खोदाई. काम करणार, लहू. दिवस तीन. सव्वादोन ब्रास. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. मग तिनं लिहिलं, पाणी गेलं. भेंडी आली. वही पुढे केली. लहूंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवलं आणि शेवटी, प्रौढ वर्गात शिकलेली, डोंगरासारखी वर-खाली जाणारी आपली सही केली. खाली विवेकनं केली, मोजणारा म्हणून.

"आता?" उपासनानं विचारलं.

लहूंनी फावडं मागितलं. तळ्याकडच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला खांब दोन घावांत आडवा झाला, माती फुटली, आणि त्यामागे तुंबलेलं सकाळच्या पावसाचं पाणी पुढे सरकलं. मग दुसरा. तिसऱ्यापाशी ते दमले, तेव्हा विवेकनं फावडं घेतलं. लहू काठावर बसून सांगत राहिले, खाली धर, कमरेतून मार, तसा नाही. पाचवा खांब कोसळला आणि चरातून पाणी एकदमच धावलं, पालापाचोळा घेऊन, कुठे न अडता, थेट तळ्यापर्यंत.

पुढच्या शनिवारी लहूंनी धुतलेला सदरा घातला नाही. जुन्याच कपड्यांत ते सकाळी भेंडी तोडायला आले.